वाचकांचे प्रश्न : गाडीच्या नंबर प्लेटवर काय असावे, काय नसावे

या महिन्याच्या टपालात सर्वाधिक पत्रे नंबर प्लेटविषयीची आहेत. जुन्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे आपण जिला एचएसआरपी म्हणतो ती, बसवून घेण्याची सक्ती झाल्यापासून पेंटरने रंगविलेल्या आणि रेडियमवाल्याने कापून चिकटविलेल्या पाट्या गावोगावी उतरू लागल्या आहेत, आणि त्या उतरवताना अनेकांच्या मनात शंका आल्या आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने नव्या मोटारसायकलसाठी शुल्क भरून 4141 हा क्रमांक घेतला. शोरूमने बसविलेली पाटी काढून त्याने रेडियमवाल्याकडून दुसरी करून घेतली असून तिच्यावर तो क्रमांक ‘दादा’ असा वाचला जातो. मी रागावलो तर तो म्हणतो, ‘बाबा, पैसे सरकारनेच घेतले, मग हरकत कशाची?’ त्याला काय सांगावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या मुलाचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. परिवहन कार्यालयाने शुल्क घेऊन त्याला 4141 हा क्रमांक दिला. तो कसा लिहायचा याची मुभा त्या शुल्कात येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 50 आणि 51 यांनी पाटीवरील अक्षरांची भाषा, उंची, जाडी आणि दोन अक्षरांमधले अंतरसुद्धा ठरवून दिले आहे. मोटारसायकलच्या मागील पाटीवरचे अक्षर 35 मिलिमीटर उंच आणि 7 मिलिमीटर जाड असावे लागते, तर मोटारीसाठी हीच मापे 65 आणि 10 मिलिमीटर आहेत. नक्षीदार, तिरपी किंवा एकमेकांत गुंतलेली अक्षरे चालत नाहीत, आणि पाटीवर चित्र, नाव किंवा घोषवाक्य लिहिता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 प्रमाणे याबद्दल पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास 1500 रुपये दंड आहे. मात्र दंडाची भीती हे या गोष्टीचे सर्वांत दुबळे कारण आहे, आणि मुलाशी बोलताना आपण त्यावर भर देऊ नये असे मला वाटते.

त्या पाटीकडे एकदा नीट पाहा. 4 चा खालचा दांडा वळवून त्याचा ‘द’ केलेला असतो, 1 चा काना झालेला असतो आणि चारही अंकांवरून एक शिरोरेघ ओढलेली असते. जिल्ह्याचा कोड आणि मालिकेची अक्षरे वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढी उरतात. हीच कारागिरी 214 चा ‘राम’, 4912 चा ‘पवार’ आणि 8055 चा इंग्रजी ‘बॉस’ करते. ज्याला ती खूण आधीपासून माहीत आहे त्याला त्यातला क्रमांक ओळखता येतो, पण ज्याला माहीत नाही त्याच्या हाती एक शब्द तेवढा लागतो, आणि तो शब्द मिरवणाऱ्या गाड्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

आता अंधार पडल्यावर वावरातून सायकलने घरी निघालेल्या माणसाला एखाद्या गाडीने उडविले आणि ती न थांबता निघून गेली असे समजा. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या बाईला किंवा शाळकरी पोराला ती गाडी दोन-तीन सेकंद दिसते. नंबर प्लेट असते ती त्या दोन-तीन सेकंदांसाठी. साक्षीदाराने ठाण्यात ‘दादा लिहिले होते’ एवढेच सांगितले तर पोलिसांनी कोणती गाडी शोधायची? आणि गाडी सापडली नाही तर काय होते, हे ज्या घरावर असा प्रसंग आला आहे त्यांना चांगले ठाऊक आहे. अज्ञात वाहनाच्या धडकेसाठी 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेत मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास 50 हजार रुपये मिळतात; त्यासाठी तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे, दावा करावा लागतो. गाडीचा क्रमांक कळला तर मात्र कलम 164 प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये गाडीमालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मिळू शकतात. कलम 166 प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेल्यास मृताचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून त्याहून मोठी भरपाई ठरविता येते. रोजमजुराच्या घरात या दोन रकमांमधल्या फरकावर मुलांची शाळा चालू राहणे किंवा सुटणे अवलंबून असते, आणि हा फरक पुष्कळदा कोणीतरी अचूक वाचलेल्या चार अंकांवर ठरतो.

आपला मुलगा कोणाला धडक देऊन पळून जाईल असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्याच्यासारखी पाटी हौस म्हणून सर्वत्र खपू लागली की तिच्या आडोशाने पळणाऱ्याचे फावते. शिवाय त्याचीच गाडी उद्या बाजारातून चोरीला गेली तर नाक्यावरच्या पोलिसाला ती ओळखू येणार नाही, हेही त्याला सांगावे. 4141 हा क्रमांक त्याने आनंदाने ठेवावा. ‘दादा’ लिहायचेच असेल तर टाकीवर लिहावे. एक व्यावहारिक सूचना म्हणजे काढलेली मूळ पाटी घरच्या घरी परत बसविण्याचा प्रयत्न करू नये, कारण तिला गाडीशी जखडणारे स्नॅप लॉक एकदा तुटले की पुन्हा लागत नाही. ती घेऊन विक्रेत्याकडेच जावे.

प्रश्न : माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिकडे लोक स्वतःच्या नावाची नंबर प्लेट विकत घेतात असे तो सांगतो. तिकडे जे चालते ते आपल्याकडे का चालत नाही? आणि आपल्याकडे आवडीचा क्रमांक घ्यायचा असेल तर रीत काय?
— एक शिक्षिका, रिसोड, जि. वाशीम

उत्तर : ताई, आपल्या भावाचे म्हणणे खरे आहे, मात्र त्यात एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ब्रिटनमध्ये 1903 च्या मोटार कार कायद्याने 1 जानेवारी 1904 पासून गाडीवर नोंदणी क्रमांक लावणे बंधनकारक झाले, आणि 1989 पासून तेथील सरकारी परवाना संस्था आकर्षक क्रमांकांचा रीतसर लिलाव करते. 2014 मध्ये ‘25 ओ’ हा क्रमांक कर आणि शुल्कासह 5 लाख 18 हजार पौंडांना गेला, कारण तो फेरारी कंपनीच्या प्रसिद्ध ‘250’ मोटारीवर शोभून दिसतो. दुबईत एप्रिल 2023 मध्ये ‘पी 7’ हा क्रमांक साडेपाच कोटी दिरहमांना विकला गेला. तो लिलाव गरजूंच्या अन्नासाठी निधी उभारण्याकरिता होता. अमेरिकेतील राज्यांत थोडे अधिक शुल्क भरून आपल्या पसंतीची अक्षरे घेता येतात.

भावाकडून राहिलेली गोष्ट अशी की लाखो पौंड मोजून घेतलेला क्रमांकसुद्धा ब्रिटनमध्ये सरकारने ठरवून दिलेल्या अक्षरवळणात आणि ठरलेल्या अंतरानेच लिहावा लागतो. नाव नीट वाचले जावे म्हणून दोन अक्षरे जवळ सरकविली किंवा मध्येच स्क्रू बसवून अंकाचे अक्षर केले तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि क्रमांक काढूनही घेतला जाऊ शकतो. म्हणजे आधीच्या पत्रातील प्रश्नाला तिकडेही हेच उत्तर मिळाले असते.

अमेरिकेतील एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. 1979 मध्ये कॅलिफोर्नियातील एका गृहस्थाने पसंतीच्या अर्जात नौकानयनाशी संबंधित दोन शब्द लिहिले आणि ते न मिळाल्यास आपल्याला खास पाटी नको, अशा अर्थाने तिसऱ्या रकान्यात ‘नो प्लेट’ असे लिहिले. कार्यालयाने त्यांना ‘नो प्लेट’ याच शब्दांची पाटी पाठविली. तिकडचे पोलीस बेवारस आणि विनापाटी गाड्यांच्या दंडपावतीवर नेमके हेच शब्द लिहीत असत, त्यामुळे राज्यभरातल्या अशा गाड्यांच्या सुमारे 2500 नोटिसा त्या एका माणसाच्या घरी येऊन पडल्या. पाटीवरचे अक्षर यंत्राच्या आणि दफ्तराच्या दृष्टीने किती काटेकोर असावे लागते, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे राज्य, जिल्हा, मालिका आणि चार अंक अशी क्रमांकाची बांधणी आहे, आणि तीतील पहिले तीन भाग नोंदणी अधिकारी ठरवितो. म्हणून आपली पसंती शेवटच्या चार अंकांपुरती चालते. मला ही व्यवस्था चांगली वाटते. शेगावच्या दर्शनाच्या गर्दीत किंवा शंकरपटाच्या मैदानाबाहेर उभ्या गाड्या पाहून कोण कोठून आले हे आपल्याला चटकन कळते : 27 अमरावती, 28 बुलढाणा, 29 यवतमाळ, 30 अकोला, 31 नागपूर, 32 वर्धा, 33 गडचिरोली, 34 चंद्रपूर, 35 गोंदिया, 36 भंडारा आणि 37 वाशीम, शिवाय नागपूर ग्रामीणसाठी 40 आणि पूर्व नागपूरसाठी 49.

पसंतीच्या क्रमांकासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि शुल्क यांसह परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. तो आता ऑनलाइनही करता येतो. ऑगस्ट 2024 मध्ये सुधारलेल्या दरांप्रमाणे 0001 या क्रमांकाला चारचाकीसाठी 5 लाख, मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी 6 लाख, आणि दुचाकीसाठी 1 लाख रुपये पडतात. फारशी मागणी नसलेले अंक काही हजारांत मिळतात. एकाच क्रमांकावर अनेकांचे अर्ज आले तर लिलाव होतो आणि जास्त रक्कम देणाऱ्याला तो क्रमांक मिळतो. दुचाकीच्या मालिकेतला क्रमांक चारचाकीला हवा असेल तर मूळ शुल्काच्या तिप्पट रक्कम भरावी लागते. जन्मतारीख किंवा बेरीज नऊ येणारा क्रमांक घेण्याची हौस ज्याला परवडते त्याने जरूर करावी, पण गाडीचा हप्ता थकवून कोणी ती करू नये.

प्रश्न : आमच्या गावात कोणाच्या पाटीवर ‘जय गजानन’, कोणाच्या ‘जय गुरु’, कोणाच्या ‘जय भीम’, तर कोणाच्या ‘जय सेवा’ असे लिहिलेले असते. ही श्रद्धेची गोष्ट आहे. यालाही बंदी असावी काय?
— एक ज्येष्ठ वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : ही बंदी श्रद्धेवर नसून पाटीच्या जागेवर आहे. आपण लिहिलेले चारही उद्गार विदर्भाच्या मातीतले आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकामागे माणसांची मोठी निष्ठा आहे, म्हणूनच त्यांना चिखलाने माखणाऱ्या मागच्या पाटीपेक्षा मानाची जागा मिळावी. चारचाकीच्या मागच्या फळीवर किंवा दुचाकीच्या पुढच्या व्हायझरवर, दिवे आणि पाटी झाकली जाणार नाहीत अशा रीतीने ते लिहावेत. ‘पोलीस’, ‘प्रेस’, ‘सरपंच’ किंवा ‘महाराष्ट्र शासन’ अशा शब्दांबाबत मात्र माझे मत कठोर आहे. खासगी गाडीच्या पाटीवर ते लिहिणारा माणूस नाक्यावर आपल्याला अडवू नये एवढ्यासाठी ते लिहितो, आणि त्यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही.

प्रश्न : मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मग महाराष्ट्रातील गाडीची पाटी मराठी अक्षरांत आणि मराठी अंकांत का नसावी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : तुझा प्रश्न मला मनापासून आवडला, आणि दुकानाची पाटी, एसटीचा फलक, बँकेचा अर्ज मराठीतच असावा या मताचा मी आहे. गाडीच्या पाटीबाबत मात्र मी नियमाच्या बाजूने आहे. अक्षरे रोमन आणि अंक 0 ते 9 हे आंतरराष्ट्रीय रूपातील असावेत, असे केंद्रीय नियमच सांगतात. त्याचे कारण तुझ्या तालुक्यातून दिसते. आमगावहून निघालेली धानाची गाडी थोड्याच वेळात मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडमध्ये शिरते, आणि गडचिरोली-चंद्रपूरची गाडी तेलंगणात जाते. तिथल्या पोलिसाने, टोलनाक्याच्या कॅमेऱ्याने किंवा अपघात पाहणाऱ्या शेतकऱ्याने ती पाटी वाचायची असते. तेलुगू लिपीतल्या पाटीची गाडी आपल्या गावात कोणाला धडकून गेली, तर आपल्यापैकी किती जणांना तिचा क्रमांक सांगता येईल, याचा विचार करून पाहा. मालिकेच्या अक्षरांतून आय आणि ओ ही रोमन अक्षरे वगळतात तीही याच हेतूने, कारण घाईत ती 1 आणि 0 अशी वाचली जातात.

प्रश्न : माझी मोटारसायकल 2011 ची आहे. तिला नवी पाटी लावायला किती खर्च येईल आणि त्या पाटीत एवढे विशेष काय आहे?
— एक वाचक, समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या सर्व गाड्यांना ही पाटी बसवून घ्यावी लागते, त्यानंतरच्या गाड्यांना ती विक्रेत्यानेच लावलेली असते. दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी 450, तीनचाकीसाठी 500 आणि चारचाकी व इतर वाहनांसाठी 745 रुपये, अधिक जीएसटी, असे दर राज्याने ठरविले आहेत. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच वेळ घ्यावी, कारण तशाच नावाच्या बनावट संकेतस्थळांनी लोकांना फसविल्याच्या तक्रारी आहेत. पाटी ॲल्युमिनियमची असते, तिच्या डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा होलोग्राम असतो आणि खाली लेसरने कोरलेला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. त्यामुळे एका गाडीची पाटी दुसऱ्या गाडीला लावली तर ते उघडकीस येते. मुदत वारंवार वाढली म्हणून पुन्हा वाढेलच अशा भरवशावर राहू नये.

प्रश्न : गावात एक ई-रिक्षा आली आहे, तिची पाटी हिरवी आहे. रंगांचा अर्थ काय?
— एक शालेय वाचक, जि. भंडारा

उत्तर : खासगी गाडीला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे, भाड्याने चालणाऱ्या गाडीला पिवळ्यावर काळी, स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या मोटारीला काळ्यावर पिवळी आणि विजेवर चालणाऱ्या गाडीला हिरवी पाटी असते. हिरव्या पाटीवर अक्षरे पांढरी असतील तर ती गाडी खासगी आणि पिवळी असतील तर व्यावसायिक समजावी.

प्रश्न : कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली जिनिंगवर नेताना मला अडविले आणि ट्रॉलीच्या मागे नंबर नाही म्हणून दंड केला. ट्रॅक्टरवर नंबर आहे, मग ट्रॉलीवर कशाला?
— एक कास्तकार, तेल्हारा तालुका, जि. अकोला

उत्तर : या बाबतीत कायदा फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून तो नीट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी असते आणि तिचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूवर लिहावा लागतो. त्याखेरीज जो ट्रॅक्टर तिला ओढत असेल त्याचा क्रमांक ट्रॉलीच्या मागे, आणि एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे, दिसलाच पाहिजे. कारण उघड आहे : कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली पुढे असली की मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही.

आपल्याकडे ट्रॉली एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असे सर्रास असते, आणि त्यामुळे मागच्या फळ्यावर भलताच, जुन्या ट्रॅक्टरचा क्रमांक राहून जातो. यावर सोपा उपाय म्हणजे ट्रॅक्टरमालकाने आपल्या क्रमांकाची एक पाटी जवळ ठेवावी आणि ट्रॉली जोडताना ती मागच्या फळ्याला नटबोल्टने बसवावी. ताडपत्रीचे टोक तिच्यावर लोंबू देऊ नये, आणि पावसाळ्यात वावरातून डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी पाटीवरचा आणि मागच्या रिफ्लेक्टरवरचा गारा ओल्या फडक्याने पुसावा. अंधारात दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून दरवर्षी माणसे दगावतात, त्यामुळे दोन मिनिटांच्या या कामाचा कंटाळा करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझी मोटारसायकल कधीही पुण्याला गेली नाही, तरी पुण्यातल्या सिग्नलचे ई-चलान माझ्या मोबाइलवर आले. आता काय करावे?
— एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : असे दोन कारणांनी होते. एक तर कोणाच्या तरी वेड्यावाकड्या पाटीवरचा क्रमांक कॅमेऱ्याने चुकीचा वाचून तो आपल्या क्रमांकाशी जुळविला असेल, किंवा आपला क्रमांक दुसऱ्या कोणी स्वतःच्या गाडीवर लावला असेल. चलानासोबत छायाचित्र असते ते प्रथम उघडून पाहावे. गाडीची कंपनी, रंग, मडगार्ड आणि पाटीवरचे अंक आपल्या गाडीशी ताडून पाहावेत. अंक वेगळे असतील तर ते चुकीचे वाचन आहे. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिला नोंदणी पुस्तकाची प्रत आणि आपल्या गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो जोडावेत. अंक तेच असून गाडी वेगळी असेल तर प्रकरण गंभीर आहे. त्या गाडीने उद्या अपघात किंवा गुन्हा केला तर पोलीस प्रथम आपल्या दारी येतील. तेव्हा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि तिची प्रत परिवहन कार्यालयालाही द्यावी. चलानाची रक्कम किरकोळ आहे म्हणून भरून मोकळे होऊ नये, कारण ती भरली म्हणजे ती गाडी आपलीच होती हे मान्य केल्यासारखे होते. चलान रद्द झाल्याचे संकेतस्थळावर दिसेपर्यंत सर्व कागद आणि पोच जपून ठेवावी.